जबड्यावरचे दोन पट्टे

१

"मामा, या जिवंत आहेत कशावरून?"

प्रश्न टकळीचा नव्हता, तिच्या मैत्रिणींचा होता. तुझ्या मामाचे ते टॅरँट्युला कोळी रबराचे असणार, म्हणूनच महिनोन् महिने जागचे हलत नाहीत, असं त्या शाळेत म्हणाल्या होत्या. हिंमत असेल तर मामाच्या तोंडावर विचारून दाखव. मागच्या वर्षीची टकळी असती तर तिने पैज हरले म्हणून मान्य केलं असतं, कारण तेव्हा तिचं नाव टकळी नव्हतंच, घरात तिला मुखदुर्बळ म्हणत. पण वक्तृत्व स्पर्धेत तिने एकदा सलग सात मिनिटं बोलून दाखवलं आणि तेव्हापासून तिची गाडी थांबायला तयार नव्हती. बाबांनीच नवं नाव ठेवलं होतं.

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली होती. मामाच्या दिवाणखान्यातल्या लांब फळीवर तीन काचपेट्या ओळीने मांडल्या होत्या. थोरली, मधली आणि धाकटी. तशा त्या बहिणी नव्हत्या. तीन वेगळ्या जाती होत्या, पण एकाच गोतावळ्यातल्या. मधलीचे पाय वरपासून खालपर्यंत नारिंगी, लांब मोजे चढवावेत तसे. थोरली आणि धाकटी मात्र काळ्या, फक्त गुडघे नारिंगी, आणि इतक्या सारख्या की पुष्कळ वर्षं जाणकारसुद्धा दोघींना एकच जात समजत. फरक बघायचा तर भिंग घेऊन जबड्याशी जावं लागे. थोरलीच्या जबड्यावर दोन फिकट पट्टे, धाकटीच्या एकच.

मामाच्या वहीत तिघींची तुलना चालायची. कोण किती खाते, कोण किती दिवस रुसून बसते, कात टाकल्यावर कुणाचा रंग किती दिवसांत उतरतो. थोरलीने अकरा आठवडे अन्नाला तोंड लावलं नव्हतं आणि तिच्या पोटावरचं लव झडलेलं टक्कल काळपट पडलं होतं, म्हणजे कात टाकायची वेळ जवळ आली होती, हे त्याने जेवतानाच दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मामीने त्याचं ताट उचललं.

"कशावरून म्हणजे काय," मामा हसला. "बघ."

त्याने थोरलीच्या पेटीचं झाकण काढलं आणि मऊ कुंचल्याने तिच्या मागच्या पायाला हळूच स्पर्श केला. ती हलली नाही. त्याने पुन्हा केला. मग कुंचल्याला चिकटून ती अख्खीच वर उचलली गेली, वाळक्या पानासारखी, वजन नसलेली.

मामाचं हसू जागच्या जागी वाळलं.

"ही थोरली नाही," तो म्हणाला. "ही कात आहे. पोकळ. आणि पेटीत दुसरं कुणी नाही." मग त्याने वळूनही न बघता आवाज चढवला. "दार लावा. कुणीही बाहेर जायचं नाही."

२

पाच मिनिटांत घराचा डबा झाला. दारांखालच्या फटींत पंचे कोंबले, खिडक्या लावल्या, वाऱ्याने थोरली बिथरेल म्हणून पंखाही बंद केला. टकळीला पहिली दहा मिनिटं भारी मजा वाटली. मग घाम मानेवरून खाली उतरायला लागला आणि आपण खरोखरच अडकलोय हे तिच्या लक्षात आलं.

आत माणसं होती सात. शिवणयंत्रापाशी पाय वर घेऊन बसलेली मामी. सोफ्यावर आई आणि बाबा. खुर्चीत दाढीवाले काका, मामासारखेच कोळी पाळणारे, मांडीवर त्यांच्या नर कोळ्याची बरणी. ते थोरलीसाठी स्थळ घेऊन आले होते आणि मामाने नकार दिला होता, कारण नराच्या जबड्यावर त्याला एकच पट्टा दिसत होता. म्हणजे तो धाकटीच्या जातीचा. काकांचं म्हणणं, दुसरा पट्टा आहे, फिका आहे. एवढ्यावरून दोन मोठी माणसं तासभर भांडली होती.

आणि सातव्या, घरमालकीणबाई. भिंतीला आलेली ओल बघायला म्हणून सकाळी आल्या, जेवायला थांबल्या आणि आता थेट जेवणाच्या टेबलावर चढून बसल्या होत्या.

"घर देताना मी काय म्हटलं होतं?" त्यांनी वरूनच विचारलं.

मामा पलंगाखाली बॅटरी मारत होता. काय म्हटलं होतं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. एक जरी पेटीबाहेर दिसली, तर त्याच दिवशी सगळ्या घराबाहेर.

"चार वाजता माझा भाऊ येतोय," त्या म्हणाल्या. "तोवर सापडली नाही तर तिन्ही पेट्या उतरवायच्या. मग तुम्ही कुठेही न्या."

मामाने बॅटरी कपाटाखाली वळवली. थोरली आणली तेव्हा ती नखाएवढी होती आणि टकळीच्या आईबाबांचं नुकतंच लग्न झालं होतं. एकोणीस वर्षं झाली. या घराआधी दोन घरं या पेट्यांपायीच सुटली होती. चौथं कुणी देणार नव्हतं.

अर्ध्या तासात सगळं उपसून झालं. पुस्तकांच्या मागे, चपलांत, मामीच्या कापडांच्या ढिगात. दोन वाजून गेले. थोरली नव्हती.

"टकळे, नुसती बघत काय बसलीस," बाबा म्हणाले. "एवढं तोंड चालतं, आता जरा डोकं चालव."

ते थट्टेने बोलले होते, पण टकळीने मनावर घेतलं. तिने मामाचं भिंग उचललं.

३

कात टेबलावर, घरमालकीणबाईंच्या पायांपासून लांब ठेवून तिने जबड्यावर भिंग धरलं. मग डोळे चोळले आणि पुन्हा धरलं.

"मामा, पट्टा एकच आहे."

मामा धावत आला. खरंच एकच होता. म्हणजे ही थोरलीची कात नव्हतीच, धाकटीच्या जातीची होती. धाकटी स्वतः तिच्या पेटीत मातीचे गोळे इकडून तिकडे करत होती. मामाने कातींचं कपाट उघडून डब्या मोजल्या. धाकटीच्या आठही काती जागेवर.

"नववी टकळीला दिली होती," तो म्हणाला. "पण तिचा तर शाळेत चुरा झाला. हो ना गं?"

"हो," टकळी म्हणाली.

मग धाकटीच्या जातीची कात आणखी कुणाकडे असणार? सगळ्यांच्या माना एकदम दाढीवाल्या काकांकडे वळल्या. काकांनी बरणी छातीशी धरली. गुरुवारी ते इथे येऊन गेले होते, मामा-मामी गावाला गेलेत हे ठाऊक नव्हतं म्हणून आले आणि कुलूप बघून दारावरूनच परतले, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. मामीने लगेच विचारलं की दारावरूनच परतलात याला साक्षीदार कोण. काकांचा चेहरा दाढीच्या वर जेवढा दिसत होता तेवढा लाल झाला.

"वहिनी, मी चोरी केली असती तर निदान पट्टे मोजून केली असती."

मामीने शिवणयंत्राकडे तोंड फिरवलं. टकळीच्या मनात मात्र ते वाक्य घर करून राहिलं. खरंच होतं. थोरलीच्या जागी धाकटीची कात ठेवून मामाला फसवता येईल, असं दाढीवाल्या काकांना झोपेतही वाटलं नसतं. ज्याने हे केलं त्याला दोघींतला फरकच माहीत नव्हता. काळं अंग, नारिंगी गुडघे, झालं काम. मामा बुधवारी गावाला गेला, काल शनिवारी रात्री परतला आणि आज सकाळी पाहुण्यांच्या गडबडीत त्याने लांबूनच एक नजर टाकली. कोपऱ्यात बसलीये नेहमीसारखी, म्हणाला आणि पुढे गेला.

आपलं डोकं किती भराभर चालतंय, या आनंदात टकळीने कात अलगद उलटी केली. डावीकडचा तिसरा पाय मुळाशी तुटून पुन्हा चिकटवलेला होता. सांध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक ठिपका.

जांभळा. चमकदार.

हे नेलपॉलिश तिचं होतं. ही कातही तिचीच होती.

४

खरं असं होतं की शाळेत चुरा वगैरे काही झालं नव्हतं. एका मैत्रिणीच्या हातून पाय तुटला होता, एवढंच. टकळीने तो नेलपॉलिशने चिकटवला आणि मामाने तुलनेसाठी कात परत मागितली तेव्हा लाजेखातर थाप मारून दिली. तेव्हापासून कात तिच्या टेबलाच्या खालच्या खणात, एका डबीत होती.

आणि त्या डबीच्या खाली फॉर्म होता.

दहावीनंतर टकळीने दोन वर्षांसाठी एका लांबच्या वसतिगृहात राहून अभ्यास करायचा, असं आईबाबांनी ठरवलं होतं. माहितीपत्रकात मोठ्या अभिमानाने छापलं होतं की रोज बारा तास अभ्यास, आठवड्याला एक फोन आणि लक्ष विचलित होऊ नये म्हणून खिडक्या वरच्या बाजूला. बाबांनी सही करून फॉर्म शाळेत द्यायला तिच्या हातात दिला होता. पंधरा दिवस झाले. दिला का, असं बाबांनी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली होती.

आता कात कुणाची हे सांगावं, तर थाप उघडी पडणार. थाप उघडी पडली की खण उघडणार, आणि खण उघडला की फॉर्म. न सांगावं, तर चार वाजता मामाच्या पेट्या जिना उतरणार. खोलीची दारं मामाने लावली होती, पण हे दार तिचं तिनेच लावून घेतलं होतं.

टकळी पाच मिनिटं एक अक्षर बोलली नाही. बाबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग तिने ठरवलं की आधी सगळं नीट कळून घ्यायचं. घरमालकीणबाईंना तिने विचारलं, काकू, तुम्हाला थोरली नाहीशी करायची असती तर तुम्ही काय केलं असतं? बाई म्हणाल्या, मी कशाला हात लावतेय त्या लव असलेल्या गोष्टीला, मी जिन्यात उभी राहून बोंब ठोकली असती की सुटली. बरोबरच होतं. त्यांना ती सुटलेली हवी होती, लपलेली नव्हे. मामी तर मामाबरोबरच गावाला होती. पण जाताजाता मामीनेच एक गोष्ट दाखवली.

"हे बघ, आत कुणीतरी कापूस पसरलाय."

मामा पेटीवर वाकला. "कापूस नाही तो. तिनेच विणलंय. कात टाकायच्या आधी त्या असं अंथरूण घालतात आणि त्यावर…" तो थांबला.

"त्यावर काय?"

"पाठीवर झोपतात. पाय वर करून, तासन् तास. तेव्हा त्यांना फुंकरही घालायची नसते."

पाय वर करून. टकळीच्या अंगावर त्या उकाड्यातही काटा आला. ज्याला माहीत नाही त्याला हे दृश्य कसं दिसेल?

मेलेलं.

मामाच्या घराची एक किल्ली टकळीच्या घरी असायची. पेट्यांतल्या वाट्यांत पाणी घालायला. आणि टकळीच्या खणाला कुलूप नव्हतं. तिने मान वर केली. सोफ्यावर आई नेहमीसारखी शांत बसली होती. मांडीवर पर्स, भर उकाड्यात पोटाशी धरलेली. आणि डाव्या हाताने ती सकाळपासून उजवं मनगट खाजवत होती. नवा साबण लागलाय, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

साबणाने फक्त मनगटावर पुरळ येत नाही. थोरलीच्या जातीच्या कोळ्यांच्या पोटावरची बारीक लव मात्र तशीच खुपते.

५

स्वयंपाकघर शोधून झालेलं होतं. पाणी प्यायला म्हणून टकळी आईला आत घेऊन गेली आणि मामाच्या सांगण्याप्रमाणे तिने दाराखाली पंचा परत कोंबला. दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. साडेतीन झाले होते.

"आई, पाठीवर होती ना ती?"

आईने विचारलं नाही, कोण. तिने नळ सोडला, बंद केला.

बुधवारी पाणी घालायला विसरले, ती म्हणाली. गुरुवारी आठवण झाली आणि धावत आले, तर ही पाय वर करून पडलेली. तिला वाटलं आपल्यामुळे तहानेने गेली. एकोणीस वर्षं जपलेली. भावाला फोन लावला आणि तोंडातून शब्दच निघेना, तर म्हटलं, सगळं ठीक आहे. मग रात्री टकळीच्या खणातली कात आठवली. आवरताना कधीतरी दिसली होती. ती पेटीत आणून ठेवली की तो आल्यावर एक-दोन दिवस तरी निभावेल, मग समोर बसून सांगू, असं म्हणता म्हणता रविवार उजाडला होता.

"लहानपणी याचं काहीही मोडलं की ते माझ्याच हातून मोडायचं," आई म्हणाली. "आणि हा कधी रागवायचा नाही. त्याचंच जास्त लागतं गं."

टकळीला आयुष्यात पहिल्यांदा आई कुणाची तरी ताई दिसली. पण घड्याळ पुढे सरकत होतं.

"तू तिला टाकून दिलंस?"

"टाकवलं नाही." आईने पर्स उघडली. आत बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा होता. "रुमालाची गादी केली. रोज म्हणते, झाडाखाली पुरावं."

"त्या मरतात तेव्हा पाय पोटाखाली आवळून घेतात, आई. पाठीवर नाही मरत. पाठीवर कात टाकतात. झाकण घट्ट आहे?"

"पोचा आलाय. एका बाजूने नीट बसत नाही."

"उघडलास नंतर?"

"धीर झाला नाही."

दोघी डब्याकडे बघत राहिल्या. टकळीने हात पुढे केला तसा आईने तो धरला.

"खणात डबीखाली काय होतं, तेही मी पाहिलंय," ती अगदी हळू म्हणाली. "बाबांना बोलले नाही. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

म्हणजे तीन दिवस एकाच घरात दोघी आपापलं गुपित घेऊन वावरत होत्या आणि दोघी एकमेकींना, जेवलीस का, एवढंच विचारत होत्या.

तेवढ्यात डब्यात काहीतरी सरकलं. पत्र्यावर नख ओढल्यासारखा बारीक आवाज.

६

आईने डबा स्वतःच बाहेर नेला. टकळी मागे उभी राहिली. आईने भावाला सगळं सांगितलं, विसरलेल्या पाण्यापासून पर्सपर्यंत, आणि सांगून झाल्यावरच डबा त्याच्या हातात दिला. मामाने झाकण उचलायला एवढा वेळ लावला की घरमालकीणबाईही टेबलावरून पुढे वाकल्या.

रुमालावर एका बाजूला एक जुनी, विटकी कात होती, उघड्या झाकणाच्या डबीसारखी. तिच्या शेजारी थोरली. इतकी काळी आणि गुडघे इतके नारिंगी, की आत्ताच कुणी रंगवून ठेवली असावी. सुळे अजून पुरते काळे झाले नव्हते, तांबूस होते. तिने पुढचा एक पाय उचलला, हवेत धरला आणि सावकाश खाली ठेवला.

दाढीवाले काका भिंग घेऊन धावले. "दोन," ते म्हणाले. "दोन पट्टे."

मामाने डबा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "ताई, कात टाकताना तिला हलवलंस, तरी वाचली. तुझ्या हातून मोडलं नाहीये काही." आणि डोळे पुसायला तो उगाचच पेटीमागे गेला. आई सोफ्यावर बसली. मनगट खाजवायलाही विसरली.

"ते सगळं ठीक आहे," घरमालकीणबाई म्हणाल्या. "अट ती अट. ती पेटीबाहेर होतीच."

आता टकळीला पुन्हा कंठ फुटला. "काकू, तुमची अट काय होती? एक जरी पेटीबाहेर दिसली तर. थोरली पेटीतून डब्यात गेली आणि डब्यातून पेटीत जाणार. मध्ये ती मोकळी फिरली नाही आणि कुणालाही दिसली नाही. दिसली नाही म्हणूनच तर आपण दोन तास शोधतोय."

बाईंनी तिच्याकडे, मग डब्याकडे, मग स्वतःच्या वर घेतलेल्या पायांकडे पाहिलं. "तुझं तोंड बंद करायचं बटण कुठे आहे?" त्यांनी विचारलं आणि त्या टेबलावरून उतरल्या. भावाला फोन करून म्हणाल्या, येऊ नकोस, नुसती ओल आहे. अट मात्र आता लिहून घेणार, शब्द जपून, असं त्यांनी मामाला बजावलं.

मामाने थोरलीला घरी पोचवलं. मामीने दाराखालचे पंचे काढायला घेतले. बाबा खिडकी उघडता उघडता हसत होते. "शाबास टकळे. पण कात तुझ्या खणातली, हे तुला कळलं कसं? तिचा तर चुरा झाला होता म्हणे."

आईने टकळीकडे पाहिलं. ती सोफ्यावर थोडी बाजूला सरकली आणि तिने जागा केली. टकळी बसली नाही.

"चुरा झाला नव्हता. मी थाप मारली होती. आणखी एक मारलीये." तिचा आवाज वक्तृत्व स्पर्धेतल्यासारखा अजिबात येत नव्हता, बारीक येत होता, पण येत होता. "बाबा, फॉर्म मी शाळेत दिलेला नाही. त्याच खणात आहे, डबीखाली. मी खोटं बोलायला नको होतं, त्याची शिक्षा काय ती करा. पण फॉर्म मी देणार नाही. खिडक्या वर असलेल्या खोलीत मी दोन वर्षं राहणार नाही. इथल्याच कॉलेजात शिकणार, आणि तुम्हाला हवे तेवढे मार्क आणून दाखवणार. आई, बाबा, माझं ठरलंय. आणि हे मी पैजेखातर बोलत नाहीये."